कोठीचा इस्तिफा

गुरुवार, १० जुलै

गांधी बझारातल्या त्या दुकानदारानं आज मला पुन्हा फसवलं. "अक्का, एक नंबर खडा हिंग" म्हणत डोळ्यांदेखत पुडी बांधली. घरी आणून कुटला तर वासाचा पत्ता नाही. मैदा भरतात मेले. कॉफीची पूडही गेले कित्येक महिने अशीच, समोर दळून घेतली तरी भुशासारखी. मोगरा घेतला तर तोही नुसता पांढरा. तशीच दुकानात परत गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याची चांगली हजेरी घेतली. त्यानं पुडी नाकाला लावली, माझ्याकडे पाहिलं आणि "सरी अक्का", म्हणजे बरं अक्का, म्हणून मुकाट्यानं पैसे परत दिले. चोर नसता तर भांडला नसता का?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "हं." जन्म टेलिफोन खात्यात काढला आणि बोलणं बहुतेक तिथेच जमा करून आले.

रविवारी मंडळाची सभा आहे. गणपतीच्या आधीची ही सभा म्हणजे कानडी मुलखात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचा एक वेगळाच सोहळा असतो. ज्याच्याकडे जे काम असेल त्यानं देवापुढे नारळ आणि किल्ल्या ठेवायच्या आणि म्हणायचं, "मी आता सोडते, दुसरं माणूस बघा." मग अध्यक्षांनी "असं कसं? तुमच्याशिवाय कोण आहे?" म्हणत किल्ल्या पुन्हा हातात द्यायच्या. दर वर्षी सगळे सोडतात आणि कुणीच सुटत नाही. सासूबाईंनी जन्मभर असंच केलं. त्यांच्यामागून कोठी माझ्याकडे आली, मीही तेच करते. कोठी म्हणजे पाच दिवसांच्या महाप्रसादाचं सगळं: सामान, मसाले, चुली, कामाच्या बायका. घरात माझं कोण ऐकतं? कोठीत मात्र अध्यक्षसुद्धा चप्पल बाहेर काढून, मला विचारून आत येतात. खरं सांगायचं तर उरलेलं वर्ष मी त्या पाच दिवसांच्या जिवावर काढते.

हे संध्याकाळी अध्यक्षांकडे, श्रीधररावांकडे गेले होते. पंचांग परत करायला म्हणे. पंचांग परत करायला एवढा वेळ लागतो?

रविवार, १३ जुलै

आज अक्षर वाईट येणार, येऊ दे.

मी रीतीप्रमाणे नारळ ठेवला, किल्ल्या ठेवल्या, म्हटलं, "मी आता कोठी सोडते, दुसरं माणूस बघा." आणि उभी राहिले. श्रीधरराव सतरंजीकडे बघत बसले. तेवढ्यात नवा सेक्रेटरी उठला. अभिराज नाव त्याचं. पुण्याचा पोरगा, व्हाइटफील्डला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो, मंडळात आला गेल्या वर्षी. हा माझ्याकडे हसून बघतो आणि म्हणतो, "काकू, तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. इतकी वर्षं तुम्ही जे काँट्रिब्यूट केलंत त्याबद्दल थँक यू." आणि टाळ्या वाजवायला लागला! त्याचं बघून सगळेच वाजवायला लागले. मागून कुणीतरी शाल आणली आणि माझ्या खांद्यावर टाकली. ती शाल तिथे नेमकी कशी हजर होती ते त्या गणपतीलाच ठाऊक. माझ्या किल्ल्या चंपाच्या हातात. माझ्या हाताखाली खोबरं किसणारी चंपा! रडत होती वर. नक्राश्रू सगळे.

त्या पोराला रीत माहीत नाही, हे समजू शकते. पण श्रीधरराव? त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नाच्या पुऱ्या मी तळल्या. त्यांना तोंड नव्हतं उघडायला?

मी ह्या लोकांसाठी काय काय गिळलं ते कुणी आठवत नाही. गेल्या वर्षी ऐन गर्दीत सगळ्या बायका काम टाकून, तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. मी ओरडले, ओरडणारच. तर ह्यांनी सगळ्यांसमोर माझ्या हातातली काडेपेटी हिसकावून घेतली. चार माणसांत नवऱ्यानं असा अपमान केला, तरी मी प्रसाद वेळेवर वाढला. आणि आता शाल!

रिक्षातून येताना हे शाल मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले. तळपायाची आग मस्तकात जाते असल्या माणसाशी संसार करताना.

मसाल्याच्या कपाटाची किल्ली मात्र माझ्या कमरेलाच आहे. ती मी दिलेली नाही आणि देणारही नाही.

सोमवार, १४ जुलै

अभिराजला फोन केला. म्हटलं, "अरे, आमच्याकडे सोडते म्हणणं ही रीत असते. ते धरून बसायचं नसतं."

"सॉरी काकू, मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तर आधी विचारायचं."

"हो काकू, चुकलंच माझं."

"मग किल्ल्या परत दे."

"आता सभेच्या मिनिट्समध्ये गेलंय ना काकू. ते बदलता येत नाही."

मग मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या व्हाइटफील्डच्या खुराड्यापासून त्याच्या आईनं लावलेल्या वळणापर्यंत सगळं काढलं. शेवटी म्हणतो, "काकू, जेवलात का तुम्ही?" निगरगट्ट!

शुक्रवार, १८ जुलै

रजिस्ट्रारकडे द्यायला लेखी कागद हवा म्हणून अभिराजनं मजकूर पाठवलाय. इंग्रजीत. "आय हिअरबाय डेमिट द ऑफिस ऑफ" असं काहीतरी. डेमिट! रिझाईन ऐकलं होतं, हे कुठलं नवीन काढलं?

ह्यांना विचारलं आणि चूक केली. दिवसभर "हं" करणारा माणूस शब्दाचा विषय निघाला की खुर्चीत सरळ बसतो. जाडजूड कोश काढला, चष्मा पुसला. म्हणाले, "डेमिट म्हणजे पद सोडणं. फारसा कुणी वापरत नाही, पण आपल्या कचेऱ्यांना आवडतो. मूळ लॅटिन. दूर पाठवणं, जाऊ देणं असा अर्थ. डिसमिस हा त्याचाच भाऊ."

"म्हणजे मला डिसमिस केलं असंच ना?"

"तसं नाही. ह्यात सोडणारा स्वतःहून सोडतो."

"भाऊ तुम्हीच म्हणालात!"

त्यांनी कोश मिटला. मी तो कागद फाडला.

शनिवार, १९ जुलै

मराठीत लिहून देईन, पण शब्द माझा असेल, असं मी अभिराजला कळवलं. आता शब्द सापडत नाही.

राजीनामा लिहायला बसले तर हे म्हणाले, "फारसीतून आलाय. राजी म्हणजे खूश, कबूल. नामा म्हणजे लेख. पूर्वी मुलकी कचेरीत जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत. हिंदीवाले तर आजही तडजोडीलाच राजीनामा म्हणतात."

मी विचारलं, "मी राजी आहे का?"

किती लबाड शब्द आहे हा! जमीन काय सगळ्यांनीच खुशीनं सोडली असेल? कुणी डोक्यावर उभं राहून लिहून घेतलं नसेल? हाकलायचं ह्यांनी आणि मी खुशीत आहे असं माझ्याच हातानं लिहायचं. आणि आपण पिढ्यान्पिढ्या तोच शब्द वापरतोय, कुणाला त्यात काही खुपत नाही. इथले कानडी लोकही राजीनामेच म्हणतात. सगळ्या जगानं ठरवून ठेवलंय की जाणाऱ्यानं हसत जायचं.

त्यागपत्र लिहू म्हटलं तर त्याग मी कुठे केलाय? मी काय हिमालयात निघालेय?

शेवटी हे म्हणाले, "इस्तिफा आहे. आपल्या घरांत कुणी म्हणत नाही, पण जुन्या मराठीत होता. हिंदीत तर रोजचाच." ऐकायला बरा वाटला. तलवार म्यानातून काढल्यासारखा. लिहायला घेतला आणि ह्यांना राहवेना. खात्यात कुणी उर्दू जाणणारे सहकारी होते, त्यांनी सांगितलं होतं म्हणे. मूळ अरबी. मला माफ करा, ह्यातून मोकळं करा, अशी विनंती करणं.

"माफी? मी मागायची? त्यांची?"

"शब्दाचं मूळ सांगितलं फक्त."

"तुमच्या मुळांना आग लागो," म्हटलं आणि उठले. काहीही लिहून देणार नाही. बसा म्हणावं कागदाची वाट बघत.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. खिरीचं दूध करपलं. मी ओट्याशीच उभी होते, पाठ फिरवून वेलची सोलत होते. हे बाहेरच्या खोलीतून धावत आले आणि गॅस बंद केला. मला इतका राग आला. बायकोवर लक्ष ठेवायला बसलेत जणू. हल्ली झोपायच्या आधी उठून सिलिंडरचा नॉबही बघून येतात. माझ्यावर एवढाही भरवसा उरला नाही.

खीर तशीच केली. मुकाट्यानं खाल्ली त्यांनी.

दुपारी चंपाचा फोन. "अक्का, गोड्या मसाल्याचं प्रमाण सांगा ना. आणि कपाटाची किल्ली..." म्हटलं, "शाल मिळाली की प्रमाण आपोआप कळतं, तुलाही मिळेल एक दिवस." फोन ठेवला. बरं वाटलं. थोडा वेळच वाटलं.

रविवार, ३ ऑगस्ट

सगळं नीट लिहायचं. काही गाळायचं नाही.

सकाळी कोठीत गेले. किल्ली द्यायला नव्हे, माझ्यावाचून काय गोंधळ चाललाय ते बघायला. चंपा एकटीच होती. मोठ्या कढईत तीळ-खोबरं भाजत होती. मी दारात उभी राहून दोन-चार टोमणे मारले. ती झारा फिरवत राहिली. मग मी म्हटलं, "खमंग झालं की करपलं, वास तरी कळतो का तुला?"

तिनं झारा खाली ठेवला. गॅस बंद केला. इतक्या वर्षांत चंपानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"मला कळतो, अक्का. तुम्हाला कळत नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ताप आला होता ना, तेव्हापासून तुम्हाला कुठलाच वास कळत नाही."

मी हसले. म्हटलं, "वेड लागलं का?"

"गेल्या वर्षी सिलिंडरची नळी निसटली होती. सगळी कोठी गॅसनं भरली. आमचे डोळे चुरचुरत होते. आम्ही बाहेर पळालो आणि तुम्ही काडेपेटी हातात घेऊन आम्हालाच कामचुकार म्हणत होता. तुम्ही काडी ओढणार होता, अक्का. तुमचे वेणूअण्णा कुठून धावत आले देव जाणे. बाहेर अंगणात पोरं बसली होती पंगतीला." मग तिचा आवाज फुटला. "तुमच्या आमटीत इतका हिंग होता की पहिली पंगत पानं टाकून उठली. दुसऱ्या पंगतीला मी मागच्या चुलीवर नवीन केली. तुम्हाला कळू दिलं नाही कुणी."

घरी कशी आले आठवत नाही.

हिंगाचा डबा उघडला. कापूर चुरगाळला. ह्यांची दाढीनंतर लावायची बाटली तळहातावर ओतली. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढल्या. एकेक नाकाशी धरलं. काहीच नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं. मी त्या दुकानदाराला चोर म्हणून चारचौघांत सोललं होतं.

वळून बघितलं तर हे दारात.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर तू ताट आपटलंस."

"मग पुन्हा सांगायचं!"

"मला भीती वाटते गं तुझी." ह्या माणसानं इतकं सरळ वाक्य माझ्याशी कधी बोललेलं मला आठवत नाही. "आणि तू गेली असतीस त्या दिवशी, ती भीती वेगळीच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पंचांग परत करायला गेले होते ते हेच बोलायला. कोठी काढून घ्या, पण तिला कारण कळू देऊ नका. श्रीधरराव म्हणाले, माझ्याच्यानं सुनंदाबाईंना 'नको' म्हणवणार नाही. तेव्हा तो अभिराज म्हणाला, मी बाहेरचा आहे, मला रीत माहीत नाही असं समजतील, शिव्या मी खातो. शाल ह्यांनीच आणली होती. गांधी बझारातून. माझ्या आवडीचा रंग बघून.

मी खूप ओरडले. घसा बसला. मला राग आला तो नाक गेल्याचा नाही. आमच्या सगळ्या बसवनगुडीला माझं नाक गेलेलं माहीत होतं आणि माझ्याच नाकाची मला खबर नव्हती, ह्याचा आला. दया करत होते माझ्यावर. मला दया चालत नाही, हे ह्यांना एवढ्या वर्षांत कळू नये?

गुरुवार, ७ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाला, तापानं नस दुखावते, कधी वर्षा-दोन वर्षांनी येतो वास परत, कधी येत नाही. रोज लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल हुंगायचं आणि हुंगताना तो वास आठवायचा. लहान पोरासारखी बसते खिडकीत. लिंबू आठवतं. गुलाबही आठवतो. लवंग आठवायला गेले की दातदुखीच आठवते. आजपर्यंत तरी कशाचाच वास नाही.

ह्यांच्याशी बोलणं बंद आहे. जेवण मात्र हेच चाखून सांगतात, मीठ बरोबर, मसाला स्वल्प जास्त. मी ऐकते आणि भांडं आपटते.

शनिवार, १६ ऑगस्ट

उद्या गणपतीआधीची शेवटची सभा. सकाळी ह्यांच्यापुढे कागद ठेवला. "लिहा, तुमचं अक्षर बरं आहे."

"काय लिहू? राजीनामा?"

"इस्तिफा."

"तो तर तुला नको होता."

"लिहा म्हणते ना."

लिहिला त्यांनी.

रविवार, १७ ऑगस्ट

कागद मीच वाचला. मग कागदात नव्हतं तेही बोलले. म्हटलं, मला वास येत नाही. तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, आता मलाही माहीत आहे. गॅस उघडा असताना मी काडी ओढणार होते. तुमची पोरं बाहेर बसली होती. अशा बाईच्या हातात कोठी ठेवायची नसते. मला मोकळं करा.

कमरेची किल्ली काढून नारळासोबत देवापुढे ठेवली.

आता सगळ्यांनी गप्प बसायचं ना? नाही! श्रीधरराव उठले, त्यांचा चष्मा ओला झालेला. म्हणाले, "असं कसं, सुनंदाबाई? तुमच्याशिवाय कोण आहे?" आणि मग सगळेच सुरू झाले. असं कसं अक्का, तुम्हीच पाहिजे, बसून सांगा, नुसत्या उभ्या राहा. तो अभिराजसुद्धा सगळ्यांत मोठ्यांदा. खोटं म्हटलं तेव्हा टाळ्या वाजवल्या, आणि आता खरं म्हणतेय तर रीत आठवली ह्यांना! माझं डोकं इतकं तापलं की मी ओरडणार होते. पण डोळे पुसले आणि मानेनंच नको म्हटलं. नारळ घेतला, किल्ली तिथेच राहू दिली.

बाहेर अभिराजला गाठलं. म्हटलं, "तुला त्या दिवशी शिव्या दिल्या त्या कमीच होत्या."

"बाकीच्या असतील तर फोन करा काकू," म्हणाला. कोडगा आहे, पण पोरगा वाईट नाही.

चंपाला प्रमाण सांगितलं. हातानं मोजते मी, त्यामुळे तिच्या हातात धने ओतून दाखवावे लागले. तिची मूठ माझ्यापेक्षा लहान आहे, म्हणजे सगळा हिशेब पुन्हा बसवावा लागणार. त्यावरून थोडं भांडणही झालं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

आज महाप्रसादाच्या पंगतीत बसले. ह्या मंडळात पानावर बसायची माझी पहिलीच वेळ. कुठे बसायचं तेही कळेना. शेवटी ह्यांच्या शेजारी बसले. कागदापुरतं बोलणं सोडलं तर ऑगस्टभर धरलेला अबोला कोसंबरी वाढेपर्यंत टिकला. मग मीठ मागावं लागलं.

चंपा स्वतः आमटी घेऊन आली. वाढली आणि पळी हातात धरून समोर उभीच राहिली. "अक्का, कशी झालीय?" अख्खी पंगत हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

एक घास घेतला. जिभेला मीठ कळलं, चिंच कळली, तिखट कळलं. त्याच्यापलीकडे नुसतं गरम पाणी. माझ्या हाताखाली शिकलेल्या बाईनं केलेली आमटी बरी झालीय की बिघडलीय, हे मला सांगता येईना. आजवर मी कुणाच्याही आमटीला तोंडावर चांगलं म्हटलेलं नाही. सासूबाईंच्याही नाही.

म्हटलं, "छान झालीय गं. वास सुरेख सुटलाय."

तिला माहीत आहे मला येत नाही. तरी ती हसली. आणखी एक पळी माझ्या भातावर ओतून डोळे पुसत पुढच्या पानाकडे गेली.

शेजारी हे खाली मान घालून जेवत होते. वर्षभर माझ्यासमोर बसून हे असेच जेवले असणार. मी आणखी भात मागितला आणि पान स्वच्छ करून उठले.